सबाच्या गेममधला सोबती

१

इरशादच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते एका पुलावरून. पूलही कसला, तर टीव्हीतला.

त्याचं असं झालं. इरशाद रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पहिल्या शिफ्टला होता. सकाळी सहाला शिरूरच्या स्टँडसमोरून कंपनीची बस, दुपारी चारला परत. घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, कोंडिबामामांच्या पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांचं. जिना चढायचा, बूट काढायचे, चवडे भिंतीकडं करून जोडीनं लावायचे आणि दार ढकलताना मोठ्यानं "सलामालेकुम" म्हणायचं, हा त्याचा रिवाज. घरात कुणी असो नाहीतर नसो. त्याची अम्मी शहाबानो होती तोवर सांगायची, "घर रिकामं असलं तरी सलाम करून आत यावं बेटा. मुक्यानं शिरतं ते घरचं नसतं." अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली, पण सवय काही गेली नाही.

सवय गेली नाही हे खरं, पण सलाम झाला की गड्याचं त्या दिवसाचं बोलणंही तिथंच संपायचं. चहा प्यायचा, खाटेवर पडायचं, फोन तोंडासमोर धरायचा. त्याची बायको सबा मूळची दौंडची, गाडीची वाट बघत तास तासभर गप्पा हाणणाऱ्या रेल्वेच्या गावातली पोर. बी.कॉम. झालेली, हसरी. तिनं चार वर्षांत पुष्कळ प्रयत्न केले. "काय झालं आज कंपनीत?" "काय न्हाई." "जेवण बरं व्हतं का डब्यातलं?" "हूं." शेवटी तिनंही नाद सोडला. भिंतीशी तरी किती बोलायचं माणसानं?

गेल्या ईदला इरशादनं गेम खेळायचा डबा घेतला आणि त्यावर 'नॉर्थफोल्ड' घेतला. परदेशातल्या एका बड्या कंपनीनं सहा वर्षं खपून, दोन हजार माणसं कामाला लावून तो बनवला होता म्हणे. गेम बाजारात यायच्या चार महिने आधीच ह्या बहाद्दरानं पैसे भरून ठेवले होते, मोहोर बघून आंब्याची बाग घ्यावी तसे. आला तेव्हा तीन दिवस नेटवरून नुसता उतरतच होता. त्यात काय, तर बर्फाचा एक ओसाड मुलूख. माणसं सगळी सोडून गेलेली. आपण एकट्यानं चालायचं, पडकी घरं उभी करायची, चुली पेटवायच्या.

इरशाद पहिल्याच दोरीच्या पुलावर अडकला. पन्नास वेळा खाली पडला. पन्नास वेळा कंपनीला शिव्या दिल्या. एकदा तो चहाला उठला, तेवढ्यात सबानं सहज ते बटणांचं यंत्र हातात घेतलं आणि दुसऱ्या झटक्यात पूल ओलांडून पलीकडं उभी राहिली.

"अहो, झालं की!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

"नशीब लागलं एखाद्याला," इरशाद म्हणाला. त्या दिवशी चहा कडू लागला. त्यानं गेममध्ये तिच्यासाठी वेगळं नाव तयार करून दिलं, वर मोठेपणानं म्हणाला, "घे, खेळ तू." आणि मनात म्हणाला, दोन दिवसांत कंटाळेल. ती कंटाळली नाही. आणि ह्यानं पुन्हा खेळाला हात लावला नाही.

२

चैत्र लागला. उन्हानं पत्रा तापायला लागला, तशी सबा टीव्हीतल्या बर्फात जास्तच रमायला लागली. सकाळी कामं आटोपली की ती खेळायची. इरशाद चारला येई तेव्हा बहुतेक वेळा टीव्हीवर तिनं बांधलेलं घर असायचं. दगडी भिंती, दोन खोल्या, पुढं पायरी. आता दोनच खोल्या का, असं विचारावंसं त्याला वाटलं होतं. इतक्या मोठ्या मुलखात राजवाडा बांधता येत होता की.

एके दिवशी त्या पायरीवर कुणीतरी बसलेलं दिसलं. पाठमोरं, अंगावर राखाडी जाकीट, बर्फाकडं बघत.

"हा कोण?"

"सोबती." सबा ओठ दाबून हसली. "जसं काय तुम्हाला ठाऊकच न्हाई!"

इरशादला वाटलं, असेल. एवढी मोठी कंपनी, एखादा सोबती दिला असेल खेळात. पण त्याची नजर दाराशी गेली आणि तिथंच थांबली. दाराबाहेर बूट काढून ठेवलेले होते. चवडे भिंतीकडं, जोडीनं.

आता तुम्हीच सांगा, परदेशी गेममधलं माणूस कधी बूट काढतं? ती माणसं चिखलाच्या बुटांनी घरात शिरतात, बुटांसकट बिछान्यात झोपतात. इरशादनं लहानपणापासून शेकड्यांनी गेम पाहिले होते, पण उंबऱ्याशी बूट काढून ठेवणारं पात्र त्यानं एकही पाहिलं नव्हतं.

"बोलतो का हा?" त्यानं विचारलं.

"सकाळी बोलतो. कोपऱ्यात अक्षरं येत्यात, मोबाईलवर लिव्हत्यात तशी. जेवलीस का म्हणून विचारतो." तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात काहीतरी होतं, लाडिक, वाट बघणारं. "आता न्हाई बोलत. आता नुसता बसून राहतो."

इरशाद "हूं" म्हणाला आणि खाटेवर पडला. फोन उघडला, पण वाचलं काहीच नाही. जेवलीस का! मोठा आला विचारणारा. त्या पाठीचं त्याला काहीतरी खुपत होतं. डावा खांदा जरासा खाली होता. त्याचं कारण त्याला उगीचच माहीत असल्यासारखं वाटत राहिलं. कारखान्यात रोज आठ तास डाव्या हातानं पेट्या सरकवल्या की खांदा तसा होतो.

३

संघर्ष त्याचा बसमधला जोडीदार. दोघांचा एक जुना खेळ होता. इरशाद म्हणायचा "जय भीम," संघर्ष म्हणायचा "सलामालेकुम," आणि दोघं हसून शेजारी बसायचे. संघर्षला गेमचं वेड भारी. जगातली कुठली कंपनी काय बनवतेय, कुणी कुणाला विकत घेतलं, कुठं माणसं काढली, सगळं त्याला तोंडपाठ.

"नॉर्थफोल्डमधला तो सोबती कवा मिळतो रे?" इरशादनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठला सोबती?"

"त्यो बसतो की घराम्होरं. बोलतो बी."

संघर्ष त्याच्याकडं बघत राहिला. "मी दोनदा संपवलाय तो गेम. त्यात माणूसच न्हाई. एकटेपणा हीच तर त्याची जाहिरात. हां, तुझ्या डब्यावर दुसरं कुणी आपल्या नावानं शिरलं तर दिसंल. दोघं मिळून खेळत्यात तसं."

"दुसरं कोण शिरणार?"

"ते मला काय इचारतो? घर तुझं," संघर्ष हसत म्हणाला.

तो हसला, पण इरशादच्या मनात पाल चुकचुकली. दुपारी बस उतरून गल्लीत आला तर कोंडिबामामा गिरणीच्या दारात पिठानं पांढरे होऊन उभे.

"काय रं, आज सुट्टी टाकली व्हती का?"

"न्हाई मामा. आत्ता येतोय."

"मंग सकाळी वर कोण बडबडत व्हतं? मला वाटलं, आज गडी बायकूसंगं बोलतोय, चांगलं हाय." मामा डोळे मिचकावून आत गेले. पट्टा फिरायला लागला.

इरशाद जिना चढला. सलाम केला. सबानं आतून उत्तर दिलं. मोरीत दोन कप पालथे घातलेले होते. एक तिचा. दुसरा त्याचा, निळ्या दांडीचा. आता सकाळी निघताना त्यानं चहा प्याला होता, हे त्याला आठवत होतं. पण तो कप तिनं तेव्हाच धुतला असेल की नाही, ते सांगता येईना. चोरासारखा तो कपाला हात लावून आला. कप कोमट होता. पत्रा तापला की सगळीच भांडी कोमट होतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि त्या रात्री त्याला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत संघर्षकडून इंग्रजी नीट करून घेऊन त्यानं गेमच्या कंपनीला पत्र धाडलं. गेटवर फोन जमा असतात, म्हणून सुपरवायझरच्या कॉम्प्युटरवरून. घरापुढं बसतो तो माणूस कोण, एवढंच विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. प्रिय खेळाडू, आमच्या खेळात असं कोणतंही पात्र नाही. आमच्या नोंदीप्रमाणे आपल्या घरून रोज सकाळी दोन खेळाडू खेळतात. एक सबा, दुसरा इरशाद. खेळाचा आनंद घेत राहा.

घरी येऊन त्यानं डबा चालू करून कोण किती खेळलं ते पाहिलं. त्याच्या नावापुढं नऊ तास असायला हवे होते, तो पुलावरून पडला तेवढे. तिथं दोनशे चौदा तास होते.

मग काय! म्हणजे कुणीतरी येतं. सकाळी येतं, माझ्या घरात बसतं, माझ्या कपातून चहा पितं आणि माझ्याच नावानं माझ्या बायकोबरोबर खेळतं. जीव नुसता जळायला लागला त्याचा. खरं सांगायचं तर त्याला एका गोष्टीनं जास्त झोंबलं. तो जो कोण होता तो पूल ओलांडून गेला होता.

४

त्या शुक्रवारी सबा दौंडला गेली. तिची थोरली बहीण राबिया हिची तब्येत बरी नव्हती, दोन दिवस राहून येते म्हणाली. इरशादनं तिला स्वतः पहाटेच्या एसटीत बसवलं. बस पुलाकडं वळेपर्यंत उभा राहिला. मनात म्हणाला, बरं झालं. दोन दिवस तरी घर माझं.

दुपारी कंपनीतून परत आला. गिरणी बंद होती, मामा कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. गल्लीत ऊन नुसतं पडून होतं. त्यानं जिना चढून कुलूप काढलं, बूट काढले, लावले, आणि दार ढकलताना सवयीनं म्हणाला, "सलामालेकुम."

"वालेकुम सलाम," आतून आवाज आला.

आवाज पुरुषाचा होता. शांत, घरच्या माणसाचा. आणि मग मोरीत पाणी सांडल्याचा आवाज.

इरशाद उंबऱ्यात उभाच राहिला. हातात कुलूप होतं. कुलूप बाहेरून होतं, ते त्यानंच आत्ता काढलं होतं. मग आत कोण? त्यानं कोपऱ्यातला झाडू उचलला. काय करणार होता झाडूनं, अल्ला जाणे. बाहेरची खोली पाहिली. आतली पाहिली. खाटेखाली, कपाटात, मोरीत, पत्र्याच्या फटीपर्यंत सगळं पाहिलं. कुणी नव्हतं. मोरीत बादली भरलेली होती आणि तिच्यातलं पाणी हलत होतं.

शेजारच्या घरातून आला असेल आवाज, तो स्वतःशी म्हणाला. शेजारी गुजर कुटुंब राहत होतं, ते कशाला वालेकुम सलाम म्हणतील, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं तो विचारच सोडून दिला.

मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं टीव्ही लावला. सबाचा गेम उघडला. बर्फ पडत होता. दगडी घर होतं. पायरी होती.

पायरीवर कुणी नव्हतं. दाराबाहेरचे बूटही नव्हते.

तो बराच वेळ त्या रिकाम्या पायरीकडं बघत राहिला. तिथं नाही, मग आता कुठं आहे? हा प्रश्न मनात उमटला आणि तो धडपडत उठून बाहेर आला. जिन्याच्या वरच्या फरशीवर त्याचे बूट होते, त्यानं लावले तसे. त्यांच्या शेजारी, जोडीनं, दोन ओले डाग होते. चवड्याकडून वाळत चाललेले. चैत्राच्या उन्हात फरशीला हात लावला तर भाजत होतं, आणि ते डाग मात्र गार होते.

दोन रात्री तो संघर्षच्या घरी झोपला. घरी उंदीर झालेत, औषध मारलंय, असं सांगितलं.

५

सबा रविवारी परतली. येताना त्याच्यासाठी खारी घेऊन आली होती. तिनं पदराला हात पुसायच्या आतच इरशादनं तोंड सोडलं.

"सकाळचं कोण येतं घरी?"

"कोण येणार?"

"माझ्या नावानं खेळतो तो. दोनशे तास! मी काय खुळा हाय? सगळ्या गल्लीला ऐकू येतं, मलाच तेवढं येत न्हाई!"

सबा आधी गोंधळली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते इरशादनं पाहिलेलं शेवटचं हसू. "अहो, तुम्हीच तर असता की."

"मी?"

"कंपनीतनं. फोनवरनं. मला वाटलं..." ती अडखळली. "मला वाटलं, तुम्हाला समोर बोलायला जमत न्हाई, म्हणून तिथं बोलता. अम्मीच्या गोष्टी सांगता. ल्हानपणी घोडनदीत बुडता बुडता वाचलो ते सांगितलं. हल्ली आवाजात बी बोलता. मी म्हटलं, आपण कशाला उघड करायचं? लाजतील, बंद करतील. म्हणून घरी कधी विषय न्हाई काढला."

आता बघा, माणसाला कुठं शहाणपण सुचायला हवं! इथं एक शब्द पुरे होता. "व्हय, मीच तो," म्हणाला असता तरी चाललं असतं. निदान तिचा हात धरून "मला भीती वाटती सबा" एवढं तरी म्हणायचं. पण इरशादच्या डोळ्यांसमोर आली ती तिच्या गालावरची लाली, दुसऱ्या कुणासाठी चढलेली. आपल्या नावाची, आपल्या गोष्टींची, आपण कधीच न सांगितलेल्या.

"फोन गेटवर जमा असतो आमचा," तो म्हणाला. "तो मी न्हाई. इतका वेळ न्हाई मला असले चाळे करायला."

सबा भिंतीला टेकली. रंग उडाला तिचा. "मग कोण हाय तो?"

"तुलाच ठाऊक. लाज न्हाई वाटली?"

तिनं खारीचा पुडा उचलला. खाली गिरणी चालू झाली, मांडणीतल्या ताटल्या किणकिणायला लागल्या. मग ती म्हणाली, अगदी हळू, "चार वर्षांत तुम्ही मला एकदा बी इचारलं न्हाई, जेवलीस का म्हणून. तो कुणी का असंना, तो इचारतो." आणि खारीचा पुडा मांडणीवर ठेवून म्हणाली, "उद्या मीच त्याला इचारते. तू कोण म्हणून."

६

सोमवारी इरशाद रोजच्यासारखा निघाला. स्टँडपर्यंत गेला. बस आली, संघर्षनं खिडकीतून हात केला, आणि इरशादनं त्याला "तू जा, मी रजेवर" अशी खूण केली. मग चार तास तो गावात फिरत राहिला. नदीकाठी बसला, मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव बघितले, दोन वेळा चहा घेतला. मनात एकच. आज रंगेहाथ धरायचं. माणूस असेल तर टाळकं फोडायचं. माणूस नसेल तर काय करायचं, ते मात्र काही केल्या सुचेना.

दहाच्या सुमारास तो गल्लीत आला. गिरणी जोरात चालू होती. पावलांचा आवाज झाकला जाणार, म्हणून त्याला बरंच वाटलं. जिन्याच्या मध्यावरच त्यानं बूट काढले आणि हातात घेतले. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं ते बोटानं ढकललं. जिभेवर सलाम आला होता. त्यानं तो गिळला. जन्मात पहिल्यांदा तो स्वतःच्या घरात मुक्यानं शिरला.

बाहेरच्या आणि आतल्या खोलीमध्ये पडदा होता. पडद्याआड सबा बोलत होती.

"खरं सांगा. तुम्हाला माझी शपथ हाय."

"काय सांगू?"

तो आवाज ऐकून इरशादच्या हातातले बूट निसटता निसटता राहिले. आवाज टीव्हीतून येत नव्हता. खोलीतून येत होता, जमिनीच्या पातळीवरून, बाजूला मांडी घालून बसलेल्या माणसाचा असावा तसा. आणि तो त्याचाच होता. फक्त त्यात कुठंही घाई नव्हती, कंटाळा नव्हता.

"तुम्ही कोण?" सबानं विचारलं. तिचा आवाज रडवेला होता.

"मी इरशाद. दुसरं कोण असणार?"

"मग काल माझ्याशी भांडलं ते?"

खाली जात्याची घरघर चालू होती.

"ते व्हय?" तो आवाज म्हणाला. "ते आता यायचं न्हाई."

आणि सबा रडली. मोकळी होऊन, हुंदके देऊन, मग मध्येच हसून. "मला किती भ्या वाटलं व्हतं," ती म्हणत होती. "किती भ्या वाटलं."

इरशादनं पडद्याची कड दोन बोटांनी बाजूला केली. टीव्हीवर बर्फ पडत होता आणि दगडी घराचं दार उघडं होतं. सबाची पाठ दिसली. तिच्या पाठीवर एक हात होता, हळूहळू थोपटणारा. दंडापर्यंत राखाडी बाही. मधल्या बोटाचं नख मशिनीत सापडून काळं पडलेलं, इरशादचं होतं तस्संच. इरशादनं आपला हात वर करून पाहिला. त्याचं नख स्वच्छ होतं, जसं कधी काही झालंच नव्हतं.

७

त्याच्या हातातला एक बूट पडला.

"कुणी आलं का हो?" सबा म्हणाली.

"बघ बरं," पडद्याआडून तो आवाज म्हणाला. "दार उघडं राह्यलं वाटतं."

ती उठली. पडदा सारून बाहेर आली, डोळे पुशीत. इरशाद तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, म्हणजे तो होता तिकडं पाहिलं. नजर कुठंच अडली नाही. इरशाद मागं सरला, उंबऱ्यापलीकडं, फरशीवर. "सबा," तो म्हणाला. गिरणीचा आवाज होता, ऐकू गेलं नसेल. "सबा, मी हाय." तिनं वाकून तो पडलेला बूट उचलला, उंबऱ्याबाहेर भिंतीशी ठेवला, दार लावलं आणि आतून कडी घातली.

त्यानं दार वाजवलं. दोन्ही हातांनी वाजवलं. मग सलामही केला, ओरडून, तीनदा. आत कुणी उठलं नाही.

बूट तिथंच टाकून तो अनवाणी खाली आला. कोंडिबामामा गिरणी थांबवून दारात घाम पुसत उभे होते. ज्या माणसानं त्याला नऊ वर्षं "काय रं" म्हणून हाक मारली होती, त्यानं कपाळाला आठ्या घालून पाहिलं.

"कुणाकडं आलाय पाव्हणं?"

"मामा, मी इरशाद."

"इरशाद वर हाय की. आत्ताच त्याचा आवाज आला. जावा वर, बोलका गडी हाय, बसवून घेईल."

इरशाद गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पायांखाली डांबर पोळत होतं. खिशातून फोन काढला आणि सबाचा नंबर लावला. वरच्या खिडकीतून तिच्या फोनची रिंग त्याला ऐकू आली. म्हणजे फोन लागतोय. म्हणजे सगळं ठीक होईल. भांडण झालं, ती रुसली, कोंडिबामामांना चाळीस वर्षं पिठात घालवून दिसेनासं झालंय. फोनवर तरी ती आपल्याला ओळखेल.

"हॅलो?" सबा म्हणाली. आवाज हलका होता, नुकतं पोटभर रडून झाल्यासारखा. "कोण बोलतंय? नंबर ओळखीचा न्हाई."

"सबा, ऐक. मी खाली हाय. दार उघड. मी चुकलो. जेवलीस का तू? सबा, जेवलीस का?"

ती अदबीनं म्हणाली, अनोळखी माणसाशी बोलावं तशी, "थांबा हां. माझे मिस्टर घरीच हायत. त्यांनाच देते."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खसखस झाली.

"बोला," तो म्हणाला, "इरशाद बोलतोय."

भीती मागाहून आली. आधी उसळला तो मत्सर. काय माया होती त्या आवाजात! सकाळपासून कुणाच्या तरी फोनची वाट बघत बसल्यासारखा बोलत होता तो. मागं सबा काहीतरी विचारत होती, बहुतेक भाताला किती पाणी घालू म्हणून, आणि तो फोनवर हात ठेवून तिलाही उत्तर देत होता.

"बोला की," तो पुन्हा म्हणाला. "कोण तुम्ही?"

इरशादनं तोंड उघडलं. त्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटली.